स्टेपनीवरचं नाव

शमुवेल साळवे यांच्या स्कूटरला हॉर्न नव्हता. म्हणजे होता, पण त्याची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने तोडून टाकली होती. पुण्यात हॉर्नशिवाय स्कूटर चालवणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या स्टेपनीत होतं. स्कूटरच्या मागे जे जादा चाक असतं, त्यावर काळ्या रेक्झिनचं कव्हर होतं आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याने मोठ्या अक्षरांत शिवलेलं होतं, ‘ही गाडी प्रभू येशूची’. साळवेकाकांचं म्हणणं असं, की एकदा गाडी त्याची म्हटली की आपण नुसते ड्रायव्हर. मग कट मारायचा नाही, पिवळ्या दिव्यात घुसायचं नाही, झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर चाक टेकवायचं नाही आणि कुणी शिवी दिली तर ‘सलाम, दादा’ म्हणायचं. काका मूळचे नगरकडचे, तिकडच्या ख्रिस्ती घरांत सलाम घालायची पद्धत आहे. शिवी देणाऱ्याला ते माहीत नसायचं. त्याला वाटायचं, हा आपली टिंगल करतोय.

मी धनकवडीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. सासवडच्या पलीकडे आमचं गाव. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरातल्या कुठल्या माणसाला वेडा म्हणायचं आणि कुठल्याला नाही, हे मला लवकर ठरवता येत नसे. मी एकदा भीत भीत त्यांना विचारलं, की देवांची नावं तर ट्रकवरही असतात, रिक्षांवरही असतात. ते कुठे थांबतात?

“त्यांचं त्यांना माहीत,” काका म्हणाले. “अरे दत्ता, लोक पवित्र शास्त्र उघडून वाचत नाहीत. सिग्नलला उभे राहून स्टेपनी वाचतात. आता त्यांना प्रभूची ओळख माझ्या ब्रेकवरून होणार. बघ म्हणजे किती जबाबदारी.”

ही जबाबदारी त्यांना फार महागात पडायची. एका रविवारी उपासना आटोपून ते मंडईत भाजीला गेले. गाडी लावायला जागा मिळाली की मागून कुणीतरी यायचं आणि हे त्याला जागा देऊन टाकायचे. असं करत करत ते रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि दहीभात खाऊन आनंदात झोपले. एकदा स्वारगेटला एका हवालदाराने त्यांना अडवलं. दिवा हिरवा झाला तरी हे एका आजीबाईंना रस्ता ओलांडू देत उभे होते आणि मागे रांग खोळंबली होती. गाडी कोणाची, असं त्याने दरडावून विचारलं. काकांनी नेहमीचं उत्तर दिलं, “मागे लिहिलंय ना.” हवालदार मागे गेला, सावकाश वाचून परत आला आणि म्हणाला, “मग लायसन त्यांचंच दाखवा.”

हा किस्सा काका साऱ्या धनकवडीत सांगत फिरायचे. अपमान झाला हे त्यांच्या गावीही नसे. त्यांचा आनंद एवढाच, की हवालदाराने पूर्ण वाचलं.

वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना मात्र यातलं काही पटत नसे. त्या म्हणायच्या, “आता साधू झालेत. पूर्वी यांचा हॉर्न स्वारगेटला वाजला की आम्ही इथे कुकर लावायचो.” ही चेष्टा असेल असं समजून मी हसायचो.

शेवटच्या वर्षाला असताना मला हिंजवडीच्या एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. सगळ्या शहरात तेव्हा हिंजवडी, हिंजवडी चाललं होतं. मी बूथवरून गावी फोन केला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्यांकडे करायचो. वडील धावत आले आणि दम खात एवढंच म्हणाले, “येळंवर पोच. बाकी तुला येतंय.” मला दोन रात्री झोप लागली नाही. येतंय की नाही ही काळजी होतीच, पण वेळेवर पोचणं तरी माझ्या हातात होतं.

ते हातातून गेलं, कारण काकांना कळलं. बस बदलत कशाला जातोस, मी सोडतो, असं ते म्हणाले. मला घाम फुटला. पण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी खाली आलो तेव्हा ते गाडीजवळ उभे होते. हँडलवर हात ठेवून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली, “प्रभू, दत्ताला वेळेवर पोचव. आणि मला मोह होऊ देऊ नकोस.” मग स्कूटर एका बाजूला कलती करून सरळ केली आणि किक मारली. आम्ही निघालो. कात्रजच्या दुधाच्या गाड्या आमच्या पुढे गेल्या. सायकलवरचा एक पेपरवालाही पुढे गेला. पण काका खूप आधी निघाले होते, त्यामुळे वाकडपर्यंत आम्ही वेळेत होतो. नवे उंच काचेचे मजले दिसायला लागले.

आणि तिथेच रस्ता तुंबला. कुठेतरी पुढे ट्रक आडवा झाला होता. कार, बस, टेम्पो, सगळे जागच्या जागी. दुचाकीवाले मात्र दुभाजकाच्या फटीतून पलीकडे घुसून उलट्या बाजूने सुसाट निघाले होते. कंपनीचं गेट लांबवर दिसत होतं. मागचा मोटरसायकलवाला स्टेपनी वाचून ओरडला, “अहो, प्रभूंना म्हणावं घुसा, नाहीतर बाजूला तरी व्हा.”

काकांनी त्याला सलाम केला. मग घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं असणार. ते खाली उतरले, मागे गेले आणि स्टेपनीचं कव्हर काढू लागले.

“काका, काय करताय?”

“डिकीत ठेवतो. माझ्या हट्टापायी तुझं नुकसान नको. प्रभूशी मी नंतर बोलतो.”

कव्हर निघालं. ते आतून मी प्रथमच पाहिलं. रेक्झिनला निळ्या फुलांच्या साडीचं अस्तर होतं, धुऊन धुऊन विटलेलं. काकांनी त्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. डिकीचं झाकण उघडं होतं, तरी कव्हर त्यांच्या हातातच राहिलं.

मला ती नोकरी फार हवी होती. पण मी उतरलो आणि म्हणालो, “राहू द्या काका. लावा परत.”

त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं आणि कव्हर परत चढवलं. आम्ही रांगेत थांबलो.

पोचलो तेव्हा गेट बंद झालं होतं. सकाळची तुकडी आत गेली होती. रखवालदार म्हणाला, दुपारच्या तुकडीत जागा उरली तर बघू, इथेच थांबा. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. काकांनी दोन चहा मागवले. मग त्यांनी आपण होऊनच सांगितलं.

“माझी बायको मार्था मागे बसायची. मी गाडी अशी हाणायचो की तिचा जीव मुठीत. ‘अहो, हळू’ एवढंच म्हणायची बिचारी. मी कशाला ऐकतोय? शेवटी तिने आपली साडी फाडून हे शिवलं. म्हणाली, माझं ऐकत नाही, त्याचं तरी ऐका.”

“मग ऐकलंत?”

“तेव्हा नाही. ती आजारी पडून गेली, त्यानंतर.” त्यांनी कप खाली ठेवला. “मी प्रभूच्या नावासाठी सावकाश चालवतो, ते खरंच आहे. पण हळू चालवताना ती मागे बसलीय असं वाटतं, तेही खरं आहे. त्याला ठाऊक आहे. तो रागवत नाही.”

दुपारी मला आत बोलावलं. संध्याकाळी निवड झालेल्यांची नावं वाचली, त्यात माझं होतं. मी पळतच बाहेर आलो, काकांना सांगितलं, टपरीवाल्याला सांगितलं, रखवालदारालासुद्धा सांगितलं. काकांनी त्या सगळ्यांना सलाम घातला. बूथवरून गावी फोन करून वडिलांना बातमी दिली. ते म्हणाले, “जेवला का?”

परत निघताना रस्ता मोकळा होता, वारा तोंडावर येत होता आणि मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. स्कूटर सायकलच्या वेगाने चालली होती. मी थोडा पुढे वाकलो.

“काका, हळू,” मी म्हणालो.

त्यांनी गाडी आणखी हळू केली.