अण्णांची जर्मनी

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी अण्णांनी पोह्यांची बशी बाजूला सारली, टेबलावरचं पाकीट उचललं आणि विचारलं, "जावईबापू, जर्मनीला निघालात?"

पुरुषोत्तमच्या घशात शेंगदाणा अडकला. पाकीट ट्रॅव्हल एजंटचं होतं आणि ते ऑफिसच्या पत्त्यावर यायचं होतं. आत डॅलस ते म्युनिक असं चार जणांचं बुकिंग होतं, तारीख सव्वीस सप्टेंबर. तो आणि त्याचे मित्र गिरीश, विनय आणि श्रीरंग यांनी दोन वर्षं मनात जपलेला बेत होता तो. म्युनिकच्या बिअरच्या जत्रेला एकदा तरी जायचं, तंबूतल्या लाकडी बाकावर बसायचं आणि लिटरचा मग दोन्ही हातांनी तोंडाला लावायचा.

अण्णा म्हणजे पुरुषोत्तमचे सासरे, जगन्नाथराव. सांगलीच्या शाळेत छत्तीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले आणि मे महिन्यापासून टेक्ससमध्ये, अर्विंगला, लेकीकडे मुक्कामाला आलेले. सांगलीत ते चारचौघांत अभिमानानं सांगत, "अमेरिकेत राहून आमच्या जावयाला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही!" या वाक्याला तडा जाऊ न देण्याचा विडा त्याच्या बायकोनं, उत्तरानं उचलला होता. नवऱ्यानं बिअर घेण्याला तिची हरकत नव्हती. अण्णांना ते कळण्याला होती. म्हणून मेपासून बिअरचे कॅन गॅरेजमधल्या टूलबॉक्समध्ये राहत, आणि पुरुषोत्तम आठवड्यातून दोनदा, गवत कापायचं यंत्र तिथेच असल्यानं, "लॉनमोअर बघून येतो" म्हणून जाई आणि कोमट बिअर स्टीलच्या पेल्यातून पिई. पेल्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, ही युक्तीही उत्तराचीच.

"जर्मनीला..." पुरुषोत्तमनं उत्तराकडे बघितलं. उत्तरानं फ्रिजकडे बघितलं. "म्हणजे, तिथे ते संस्कृत असतं ना, अण्णा. जुन्या पोथ्या वगैरे. विद्यापीठात."

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"छत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, की आपल्या पोथ्या परक्यांनी जिवापाड जपल्या. एकालाही जाऊन बघावंसं वाटलं नाही. आणि तुम्ही इंजिनिअर असून..." मग ते ताडकन उठले. "माझा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे. मी येतो."

अण्णा खोलीत गेल्यावर उत्तरानं कपाळावर हात मारला. "अहो, कॉन्फरन्स म्हणायचं! तुमच्या कंपनीच्या पंपांची कॉन्फरन्स! पंपांच्या मागे कुणी आलं असतं का?"

गिरीश तर फोनवर किंचाळलाच. "सासऱ्याला घेऊन बिअर प्यायला? यार, डोक्यावर पडलास का तू?"

"ऐक तर. सकाळी त्यांना पोथ्यांपाशी बसवायचं, संध्याकाळी उचलायचं. मधले आठ तास आपले."

हिशेब बिनचूक होता. फक्त त्यात महाराष्ट्र मंडळ धरलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, अण्णा उभे राहिले आणि जर्मन पंडितांवर पाऊण तास बोलले. ते बसेपर्यंत अध्यक्षा शरयूकाकूंनी वहीचं पान फाडून फिरवलंसुद्धा होतं. पान परत आलं तेव्हा त्यावर अण्णांसकट सोळा नावं होती. त्यांतली अकरा इंडियातून आलेल्या आईवडिलांची.

"मंडळाची पहिली परदेश सहल!" शरयूकाकूंनी जाहीर केलं. "पुरुषोत्तम, लीडर तू. सात जणांना कांदा-लसूण चालत नाही, लिहून घे."

पुरुषोत्तमनं लिहून घेतलं.

सोमवारी एजंट दिनेशभाईंचा फोन आला. "सर, वीस माणसं! कमाल केली तुम्ही. पण तंबूत आपल्या चारच जागा आहेत. बाकीच्या सोळा घेऊ?"

पुरुषोत्तम तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघरातल्या फोनवरून अण्णांचा आवाज आला. "तंबू कशाला? आमची वयं काय? चांगल्या खोल्या बघा." आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला.

मग दिनेशभाई हळूच म्हणाले, "सर, त्यांना माहीत नाही? तिथे प्रत्येक जागेमागे दोन लिटर बिअर आणि अर्धी कोंबडी घ्यावीच लागते."

सोळा माणसं, बत्तीस लिटर, आठ कोंबड्या. त्यांतल्या सात जणांना कांदा चालत नव्हता. पुरुषोत्तम खाली बसला.

अण्णा मात्र झपाटून कामाला लागले होते. त्यांनी म्युनिकच्या प्राध्यापकांना संस्कृतात चार पानी पत्र धाडलं. ऑगस्टच्या मध्यावर उत्तर आलं. ते त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कुणाला काहीच सांगितलं नाही.

त्या रविवारी सकाळी गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. अण्णा पुन्हा उभे राहिले. त्यांच्या हातात इंडियातून आलेलं कॅलेंडर होतं.

"सहलीबाबत एक चूक राहिली होती. सव्वीस सप्टेंबर भर पितृपक्षात येतो. तेव्हा दसरा झाला की निघू. चौदा ऑक्टोबर. एजंटांना मी कळवलंय."

हॉलमध्ये माना डोलल्या. पुरुषोत्तमच्या पायांखालची फरशी सरकली. जत्रा पाच ऑक्टोबरला संपत होती. तो नकळत उभा राहिला.

"पण अण्णा, सव्वीसलाच जायला हवं होतं..."

"का हो? पोथ्या काय पळून जातात?"

हॉल हसला. पुरुषोत्तमनं चार वाक्यं मनात जुळवून पाहिली. चारही वाक्यं शेवटी बिअरवरच येत होती. तो बसला.

तेवढ्यात मागून गिरीश उठला. "काका, आम्ही तिघं आधीच जातो. आमच्याकडची श्राद्धं थोरले भाऊ करतात, इंडियात."

"अवश्य जा," अण्णा प्रसन्नपणे म्हणाले. "तुम्हा तिघांची तिकिटं मी बदललेलीच नाहीत."

दुपारी पुरुषोत्तम गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर पेला घेऊन बसला होता. दार उघडलं. आत आले अण्णा. तीन महिन्यांत त्यांनी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. पुरुषोत्तमनं पेला रंगाच्या डब्यामागे सरकवला आणि घामानं निथळत उभा राहिला.

अण्णांनी खिशातून पत्र काढलं. "तुम्हाला संस्कृत येत नाही, म्हणून सांगतो. प्राध्यापक लिहितात, सप्टेंबर सरताना आमच्या नगरात 'महान् सुरापानोत्सवः' भरतो. नगर गजबजून जातं, तेव्हा शांतपणे पोथ्या बघायच्या तर ऑक्टोबरच्या मध्याला यावं. श्लोकात लिहिलंय. वृत्त कुठे चुकलेलं नाही."

पुरुषोत्तमच्या कानांतून वाफा निघाल्या.

अण्णांनी वाकून डब्यामागचा पेला काढला आणि नाकाशी नेला. "लिंबाची फोड फिरवत जा आतून. वास राहतो. मे महिन्यात मला ताक यातूनच मिळालं होतं."

"मेमध्ये! म्हणजे तेव्हापासून तुम्हाला... आणि तरी तुम्ही..."

"सांगलीत मी फक्त सुपारीबद्दल बोलत आलोय. ते आजही खरं आहे. खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही, आणि पितृपक्षही कॅलेंडरात छापलेला आहे." त्यांनी पेला परत त्याच्या हातात दिला. "उत्तराला मात्र कळू देऊ नका, मला ठाऊक आहे म्हणून. पोरीनं फार कष्ट घेतलेत."

पुरुषोत्तमनं मान हलवली.

"आता दुसरं. पंधरा ऑक्टोबरला विद्यापीठात आपलं स्वागत आहे. आभाराचं भाषण गटप्रमुखानं करायचं. संस्कृतातून. मी होकार कळवलाय."

"मी? संस्कृतातून?"

"दोन महिने आहेत. रोज इथेच बसू. म्हणा, रामः, रामौ, रामाः."

"रामः," पुरुषोत्तम म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

घरातून उत्तराची घाबरी हाक आली. "अण्णा! अहो! तिकडे गॅरेजमध्ये दोघं काय करताय?"

पुरुषोत्तमनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पेल्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात उत्तर दिलं,

"लॉनमोअर बघतोय गं!"