घाना-केनियाच्या मोहिमेंत बालवाडीची खोली सुटली, त्याची हकीकत

"शोभे, बालवाडीतल्या पोरायच्या तोंडी घास पडल्याबिगर घरात पान नको वाढजो वं," ऐसी आज्ञा कैलासवासी सासूबाईंनी अखेरच्या दुखण्यांत केली, ती शोभाताईंनी शिरसावंद्य मानून एकोणीस वर्षे अखंड पाळिली. त्या आज्ञेने शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावणमासीं, नागपूर शहरीं, महाल नामे वस्तींत थोर मोहीम कैसी फत्ते जाहली, ते श्रीदत्तचरणीं मस्तक ठेवून निवेदन केले असे.

दत्तमंदिराचे मागील खोलींत जयवंताबाईंची बालवाडी. मुले बारा, सतरंज्या दोन, फळा एक. शोभाताईंचे घरून रोज अकरांस खिचडी जाई आणि मुले जेवली म्हणजे मग घरीं पाने मांडली जात, ऐसा शिरस्ता.

शोभाताईंचे यजमान राजश्री गोपाळराव, कोषागारांतून निवृत्त. आणि वडील दीर राजश्री नानाजी, संख्याशास्त्र शिकवून निवृत्त, माडीवर राहात आणि त्याच चुलीवर जेवीत. उभयतां मातब्बर, उभयतां हट्टी. त्यांस शहरांतील सदर भागीं व्हावयाच्या परिसंवादाचा खलिता व्हॉट्सॲपद्वारे आला कीं, घाना व केनिया या देशीं सरकार बालशिक्षणावर खर्च काय करिते, याची तुलना मांडावी. उभयतांस वीरश्री चढली. गोपाळरावांनी केनिया घेतला, नानाजींनी घाना घेतला, आणि नकाशे, लॅपटॉप, प्रोजेक्टर ऐसा सरंजाम घरीं मावेना, मग विश्वस्तांकडून मंदिराची खोली मागून घेतली, आणि बालशिक्षणाचे कार्यांत मुलांचा व्यत्यय नको म्हणून बालवाडी उठवून ओसरीवर घातली.

जयवंताबाईंनी अर्ज गुजारिला कीं ओसरीवर पावसाची झड येते. हुकूम जाहला कीं, आठच दिवस सोसावे. हिमानी नामे चार वर्षांची मुलगी थेट छावणींत शिरून पुसती जाहली, "नानाजी, आमचा फळा कधी देता?" नानाजींनी फळ्यावरील घाना न पुसतां वचन दिले कीं, तुला मी स्वतः आणून बसवीन.

मग युद्धास तोंड लागले. केनियांत बालवर्गांचा कारभार सत्तेचाळीस परगण्यांकडे वाटलेला, घानांत दोन वर्षांची बालवाडी सक्तीच्या शिक्षणांतच मोडणारी, एकाचे माप दुसऱ्यास लागेना. त्यांत मोठा रणसंग्राम पेटला तो या कलमावर कीं, शाळेंतील जेवण शिक्षणाचे खर्चांत धरावे कीं न धरावे. गोपाळराव म्हणत धरावे. नानाजी म्हणत, जेवण तें जेवण, शिक्षण तें शिक्षण. तीन दिवस कोणी हटेना. आणि बाहेर ओल्या सतरंजीवरून मुले गळत चालली. बाराची नऊ जाहली, हिमानीही येईनाशी जाहली. विश्वस्तांचा कागद आला कीं, सोमवारचे मोजणींत मुले दहाचे खालीं भरल्यास बालवाडीस कुलूप.

श्रावण शुद्ध सप्तमीस झड ऐसी लागली कीं जयवंताबाईंनी मुले साडेदहासच घरीं लाविली. खिचडीचे पातेले भरलेले परत आले. शोभाताईंनी त्यावर झाकण ठेविले आणि माळ घेऊन बसल्या. दोन प्रहरीं दोन्ही फौजा जेवणास आल्या.

"काहून वं, पानं नाही मांडून राहिली?" गोपाळराव पुसते जाहले.

"पोरं उपाशी गेले," शोभाताई हळूच बोलल्या. "मले नाही मांडता येत."

"अन् आम्ही?"

"तुम्ही बाहेरून मागवा ना. माझं काही म्हणणं नाही."

परंतु श्रावणांत बाहेरचे अन्न वर्ज्य, ऐसा नेम उभयतांनी गल्लीचे ग्रुपवर फोटोसह जाहीर केला होता. पातेल्यास हात लावण्याची छाती कोणाची होईना. रसद तुटली.

उपाशीपोटीं फौजा पुन्हा मोर्चावर गेल्या. तीनचे सुमारास नानाजींनी केनियाचे आकडे घानाचे रकान्यांत मांडिले, आणि बेरीज तीनदां केली, ती तीन प्रकारची आली. ओसरी पुसतां पुसतां जयवंताबाई बोलल्या, "एक टाइम नाही जेवले त सरांची बेरीज चुकली! अन् माझ्या पोरायले उपाशीच अ-आ यावं म्हणते!"

नानाजींनी चष्मा उतरून ठेविला. मग फर्माविले, "गोपाळ, धर गा खिचडी. शिक्षणातच धर."

तह जाहला. खोली तत्काळ मोकळी, प्रोजेक्टर माडीवर रवाना, सतरंज्या पंख्याखालीं. गोपाळराव स्कूटर घेऊन घरोघर फिरले, नऊ मुले जमा केली आणि खिचडी ऊन करून वाढली. येणेंप्रमाणे मोहीम फत्ते. उभयपक्षीं वाऱ्यांत मोडून कामास आली छत्री एक. तुलनेचा अखेरचा रकाना कोरा राहिला, तो तैसाच परिसंवादास पाठविला.

सांजचे घरीं पाने मांडिली. शोभाताईंनी पाहिले तों नानाजींचे पानावर कोणी नाही. पातेल्यांतील खिचडी एका डब्यापुरती उणी. बाहेर गल्लींत, चिखल चुकवीत, म्हातारा हिमानीचे घराकडे चालला होता. शोभाताईंनी हाक मारिली नाही. वाढलेले पान झाकून ठेविले, आणि आपलेही.