रखमाजी पाटलाचे चार पाय

"त्यात काय एवढं? वादी वढणारा वढतो, लाकूड आपलं आपण फिरतं. तू नुस्ता पटाशी धरून बसतो!"

वाटूरचे रखमाजी पाटील हे बोलले ते बद्रीनाथ कातार्‍याच्या छपरात, त्याच्याच लाकूड कातायच्या खरादीपुढं उभे राहून आणि चार गिर्‍हाइकांच्या देखत. पण राग यायला कारण होतं. एकुलत्या एक लेकीचं, गोजरीचं लग्न तोंडावर आलं होतं. परतूरचे व्याही काकासाहेब यांनी सुपारी फुटताना एकच गोष्ट ठासून सांगितली होती. आंदणात कातीव पायांचा पलंग पाहिजे, नाहीतर वरात दारातून माघारी जाईल. आणि हा बद्रीनाथ पाय मागितले की रोज 'उद्या' म्हणायचा.

"नुस्ता धरून बसतो म्हनता ना?" बद्रीनाथ म्हणाला. "मंग बसा की धरून. जुनी खराद पडेल हाय, घेऊन जा."

झालं! पाटलांनी डोक्याचा पटका उतरवला आणि बद्रीनाथच्या खुंटीला अडकवला. "चार पाय कातल्याबिगर ह्यो पटका डोक्याला लावनार न्हाई. बिलकुल न्हाई!"

आता बोलायचंच होतं तर दुसरं काहीही बोलायचं. निजामी अंमलात महसुलाचा गिरदावर दौर्‍यावर आला तरी पटक्याची घडी मोडू न देणारा हा माणूस भर दुपारी बोडक्या डोक्यानं घरी चालत आला. आपल्याकडं माणूस बोडका हिंडला की घरात कोणी गेलं असं लोक समजतात, हे काय मी सांगायला पाहिजे? पण हट्टाला पेटलेल्याला ते सुचत नाही.

खराद गोठ्यात मांडली. दोन खुंट, त्यांना लोखंडी टोकं, मध्ये शिसवी लाकूड, लाकडाला चामडी वादीचा वेढा. वादी ओढायला गडी नव्हता, सगळे सुगीवर गेले होते. आणि असता तरी चालला नसता, कारण पाटलांची पहिली फजिती गड्यानं पाहावी हे पाटलांना मान्य नव्हतं. राहिली बायको.

"सैपाक?" तुळजाबाईंनी विचारलं.

"पलंग झाल्यावर!"

तुळजाबाईंनी पदर खोचला. बाई काही कमी नव्हती. वादी अशी ओढली, की लाकूड भिरभिरलं आणि पाटलांच्या हातातली पटाशी उडून थेट शेणाच्या पाटीत जाऊन पडली.

"वादी मागं गेली का लाकूड उलटं फिरतं, तवा हात मागं घ्यावा," त्या म्हणाल्या. "बद्रीनाथ बराबर तसंच करतो. म्या पाह्यलंय."

"मागं घ्यायला म्या काय भेकड हाय का?"

पाटील कधी मागे हटले नाहीत, ना भावबंदकीत, ना तहसिलीत. इथंही हटेनात. लाकूड सुलटं फिरो की उलटं, पटाशी दाबून धरायची. व्हायचं तेच झालं. पलंगाचा पाय कंबरेत मोडला. मोडका भाग करवतीनं कापला आणि उरलेल्या आखूड लाकडावर पुन्हा सुरुवात केली. तेही मोडलं. अंगणात दिवसभर करवत चालू, चूल थंड, आणि तुळजाबाई विहिरीवर दिसेनाशा झाल्या.

शेजारच्या सगुणाबाईंनी गवाक्षातून पाहिलं. पाटील बोडके. लाकडं कापणं चाललंय. घरावर धूर नाही. आणि तुळजाबाई कुठंच नाही.

या दोघींचं बोलणं बंद होतं. तुळजाबाईंची ताक घुसळायची रवी सगुणाबाईंनी उसनी नेली आणि चिरफळलेली परत केली. वर पुन्हा, "नेली तवाच तसली हुती," असं म्हणाल्या होत्या. पण मेल्या माणसाशी कसला अबोला? सगुणाबाईंनी नवर्‍याला हलवलं. "अवो, तुळजाबाई गेली वाटतं!" कारभारी भला माणूस. खात्री करायला दारात जाऊन विचारावं, तर असं काय कोणी विचारतं होय? त्यानं सरळ घोड्याला खोगीर घातलं आणि वाटेत भेटेल त्याला सांगत, निरोप द्यायला परतूर गाठलं.

दुसर्‍या दिवशी सकाळी माणसं येऊ लागली. पुरुष दिसताच तुळजाबाई वादी टाकून पदर सावरत घरात गेल्या. पाटील पटाशी हातात धरून खरादीपुढं तसेच बसून राहिले. माणसं आली, खाली माना घालून गोठ्यापुढं बसली. कोणी अवाक्षर बोलेना. दुखवट्याला आलेला माणूस बोलत नसतोच.

पाटलांना मात्र वेगळंच वाटलं. बद्रीनाथनं गावभर सांगितलं आणि गाव तमाशा पाहायला आलं!

"आलात का? बसा! पहा डोळे भरून!" पाटील गरजले. "चार मोडले म्हनून काय झालं? पुन्हा करीन! म्या रडत बसनार्‍यातला न्हाई!"

"चार?" मागून कोणीतरी पुटपुटलं. "पाटलाला दुःखानं भ्रम झाला."

एका म्हातार्‍यानं डोळे पुसले. कोणाच्या तरी घरून पिठलं-भाकरीची दुरडी आली. आपली चूल बंद आहे हे गावाला बरोबर कळलं, म्हणून पाटील आणखीच चिडले, पण भूक लागली होती, भाकरी ठेवून घेतली.

तेवढ्यात सगुणाबाईंनी अंगणात येऊन हंबरडा फोडला. "माहे तुळजे गं! कशी गेलीस गं! तुह्यासारखी लाखात न्हाई गं!"

घरात गोजर ताडकन उठली. "माय! तुला मेली म्हनू राह्यली ती! म्या जाऊन सांगते."

तुळजाबाईंनी लेकीचं मनगट धरलं. "थांब. अजून रवीचं बोलली न्हाई ती."

"माय!"

"गप. चांगलं म्हनू राह्यली, म्हनू दे. जितेपनी कोन म्हनलं?"

आणि मनगट धरून ठेवलेलं असतानाच परतूरची बैलांची दमणी दारात थांबली. काकासाहेब व्याही उतरले तेच रडत. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झालं नव्हतं. ते रडणं काही वरवरचं नव्हतं. बोडक्या पाटलांना त्यांनी मिठी मारली.

"पाटील, पलंगबिलंग काही नको मला! समद्यांच्या देखत सांगतो. इहीणबाई गेल्या, आता आंदन कसलं? पोरगी नेसत्या लुगड्यावर नेतो!"

"पलंग नको?" पाटील मिठीतून सुटायला धडपडू लागले. "काहून नको? आणि कोन गेलं?"

"तुळजे!" सगुणाबाईंचा आवाज टिपेला गेला. "तुही रवी म्याच फोडली गं! म्याच!"

"चल गोजरे," तुळजाबाई म्हणाल्या. "आता जायला हरकत न्हाई."

आणि त्या बाहेर आल्या. केसांत भुसा, हाताला वादीचे वळ. "ऐकलं का समद्यांनी?" त्यांनी विचारलं. "रवी तिनंच फोडली."

अंगणात एकच गलका झाला. सगुणाबाई मटकन खाली बसल्या. दोघंतिघं कुंपणावरून पळाले. काकासाहेबांचं मात्र रडं थांबलं आणि मान ताठ झाली. "ही काय थट्टा लावली? जित्या माणसावर रडवलं मला? हे लगीन—"

गोजरीचा चेहरा पांढरा पडला.

"तुमाला बलावलं कोनी?" तुळजाबाई म्हणाल्या. "आपल्या मनानं आलात, आपल्या मनानं रडलात. लई बरं वाटलं मला, खरं सांगते. आता माझ्यासाठी गाळलेली आसवं माघारी घेनार, का दिलेला शब्द?"

काकासाहेबांनी गावाकडं पाहिलं. गाव त्यांच्याकडंच पाहत होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"शब्द माघारी घ्यायची रीत न्हाई आमच्यात," ते शेवटी म्हणाले आणि पाणी मागितलं.

लग्न वाचलं. पण पटका अजून बद्रीनाथच्या खुंटीलाच होता, आणि कन्यादानाला बाप बोडका? जाणत्यांनी समजावलं, बद्रीनाथ स्वतः पटका घेऊन दारात आला. पाटील कोणाचं ऐकतील तर शपथ! "चार पाय म्हनलोय. चार पाय करीन."

गोठ्यात पुन्हा वादी फिरू लागली. लाकूड उलटं फिरलं की तुळजाबाई नुसतं खाकरत. पहिल्या दिवशी पाटलांनी ऐकलं नाही. मग एकदा हात मागे घेतला. तो घेतलेला कोणी पाहिला तर नाही ना, म्हणून दाराकडं बघून घेतलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात पाटलांनी बद्रीनाथपुढं एक चौरंग आणून ठेवला. मोडून मोडून उरलेल्या लाकडाचे वीतभर उंचीचे चार पाय, चारही कातीव.

"हे पलंगाचे पाय?" बद्रीनाथ म्हणाला.

"चार पाय म्हनलो हुतो. लांबी कधी बोललो? आन पटका!"

बद्रीनाथनं पाय फिरवून फिरवून पाहिले, आणि काखेतला पटका काढून दिला. पाटलांनी तो घडीवर घडी घालून चापून बांधला. मग पाय धुवायला व्याह्यांना चौरंगावर बसवलं. काकासाहेब बसले आणि चौरंगासकट डावीकडं कलले. सावरले, तर उजवीकडं कलले.

"पाटील, ह्यो हलतो की!"

पाटलांनी तोंड उघडायच्या आत, पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या तुळजाबाई बोलल्या.

"हलू द्या, व्याही. हलतंय म्हंजी जितं हाय. आता तरी जरा पाहून रडा."

आणि त्यांनी काकासाहेबांच्या पायांवर पाणी घातलं.