घरट्यातलं कॉलेज

एका जंगलात, मुलांनो, सगळे पक्षी फार हुशार होते. म्हणून तर ही गोष्ट घडली. तुमचा एक क्लास सुटून दुसरा लागेपर्यंत जी दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात ती संपेल. नीट बसा आणि ऐका.

त्या जंगलात एक जुनी विहीर होती. विहिरीवर एक बाभळ वाकली होती आणि तिला सुगरणींची चाळीस घरटी लोंबत होती. त्यातल्या एका घरट्यात कुसळाबाई राहायची. तिला एकच पिल्लू होतं, धागेश. त्याचा बाप दुसऱ्या फांदीवर दुसऱ्या बाईसाठी दुसरं घरटं विणत होता. सुगरणींमध्ये ती रीतच आहे, त्यामुळे त्याला कुणी नावं ठेवत नसे.

बाभळीवर पिल्लांची शाळा होती. कोतवाल मास्तर तिथे तीन विषय शिकवत. उडणे, अळी ओळखणे आणि ससाणा दिसला की गप्प बसणे. विणकामाचं कॉलेज होतं ओढ्यापलीकडे, शिंदीच्या झाडावर. पंख भरले की तरणे नर उडत तिकडे जायचे आणि गाठी मारायला शिकायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. पण अडलं नाही म्हणून शहाणे लोक स्वस्थ बसतात का?

एके सकाळी कॉलेजचे प्राचार्य हुदहुद बाभळीवर आले. डोक्यावर तुरा, मान ताठ. ते स्वतः झाडाच्या ढोलीत राहायचे. जन्मात कधी त्यांनी गवताच्या पातीला गाठ मारली नव्हती. म्हणूनच त्यांना प्राचार्य केलं होतं.

“पालकहो,” हुदहुद म्हणाले, “यापुढे कॉलेजचे पेपर शाळेतच देता येतील. जे पिल्लू आत्ताच प्रगत गाठी शिकेल, त्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. एक अख्खा पावसाळा वाचेल!”

“वाचलेल्या पावसाळ्याचं करायचं काय?” कोतवाल मास्तरांनी विचारलं.

हुदहुदांनी तुरा हलवला आणि प्रवेशाचे अर्ज वाटायला घेतले. असले प्रश्न शाळामास्तरांनाच पडतात.

शेजारच्या लोंबीबाईचं पिल्लू अजून अंड्यात होतं, तरी तिनं त्याचं नाव नोंदवून टाकलं होतं. कुसळाबाईनं धावत जाऊन धागेशचं नाव घातलं. मग कळलं, की प्रगत गाठींचा तास आणि उडण्याचा तास एकाच वेळी आहेत. तिनं धागेशचा उडण्याचा तास बंद केला.

“अहो बाई, आधी उडू तर द्या त्याला,” मास्तर काकुळतीला आले.

“उडण्यात काय मोठंसं, मास्तर? आमच्या घराण्यात सगळेच उडतात. अर्जात त्याला रकानासुद्धा नाहीये.”

धागेश दारातून बाहेर बघायचा. बाकीची पिल्लं या फांदीवरून त्या फांदीवर धडपडत होती, पडत होती, हसत होती.

“आई, एकदाच जाऊ?”

“परीक्षा झाली की जा हं, राजा. तीनशे गाठी झाल्या का?”

आता गाठींना गवत लागतं. गवत आणायचं तर उडावं लागतं. आणि सुगरणींमध्ये गवत आणणं हे नराचं काम, बाईमाणसानं ते केलं तर चारचौघांत शोभत नाही. धागेशनं मग घरट्याच्या भिंतीतली एक पाती उपसली आणि तिला गाठ मारली. गाठ झकास बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं वीस पात्या उपसल्या. कुसळाबाईचा ऊर भरून आला. अवघड पात्या ती स्वतः चोचीनं सैल करून देऊ लागली.

आठवड्याभरात घरट्याच्या तळातून विहिरीचं पाणी दिसू लागलं.

“बाई, खाली भोक पडलंय,” मास्तरांनी ओरडून सांगितलं.

“अभ्यासाला उजेड येतो,” कुसळाबाई म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी हुदहुद समोरच्या फांदीवर बसले. धागेशनं दोनशे नव्याण्णव गाठी बिनचूक मारल्या. शेवटच्या गाठीला पातीच उरली नाही. म्हणजे एक होती. घरटं फांदीला धरून ठेवणारी.

धागेशनं आईकडे पाहिलं.

“घे ना ती!” आई ओरडली. “वेळ संपतोय!”

त्यानं ती घेतली. गाठ मारली. आणि घरटं सुटलं.

“पंख उघड!” कोतवाल मास्तर किंचाळले. “अरे, पंख उघड!”

धागेशला पंख होते, पण ते उघडायचे कसे हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो गोट्यासारखा खाली गेला. नशीब म्हणून पाण्यात न पडता विहिरीच्या कपारीवर आपटला. जीव वाचला. उजवा पंख मात्र कायमचा गेला.

हुदहुदांनी विहिरीत डोकावून निकाल सांगितला. “तीनशेपैकी तीनशे. अभिनंदन!” आणि ते ढोलीकडे निघून गेले.

धागेश अजून त्या कपारीतच आहे. कुसळाबाई रोज त्याला अळ्या नेऊन भरवते. कधीकधी ती काठावर बसून खूप रडते, पण कुणी आलं की चटकन डोळे पुसते.

“आमचा धागेश ना,” ती सांगते, “थेट दुसऱ्या वर्षाला आहे. ओढा ओलांडायचा तेवढा राहिलाय.”

लोंबीबाई ते ऐकते, घरी जाते आणि आपलं अंडं उन्हात ठेवते. लवकर फुटावं म्हणून.

तात्पर्य: पिल्लाला उडायला शिकवण्यात वेळ दवडू नये. उडून गेलेलं पिल्लू शेजारणीला दाखवता येत नाही.