हरी हार्ड!

माझी चूक एवढीच, की त्या शनिवारी मी ‘हो’ म्हटलं. (लग्नाच्या वेळीही एवढीच होती.)

आमच्या इथल्या, परदेशातल्या सिटीवेस्टच्या घरात केर मी काढते. हूवर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, आहे; पण त्याच्या आवाजाने सारंगच्या मीटिंगा बिघडतात. म्हणून आईने बॅगेत कोंबून दिलेला फुलझाडू आणि मी. सारंगचा वाटा म्हणजे सोफ्यावर बसल्या बसल्या पाय वर घेणं.

“मला नाही गं जमत. कंबर धरते.”

वय वर्षे एकोणतीस.

तर सारंगच्या ऑफिसने हिवाळ्यापुरत्या उभारलेल्या बर्फाच्या रिंकवर नवशिक्यांसाठी कर्लिंग ठेवलं होतं. बायको आणली तरी चालणार होतं, म्हणून मी आणली गेले. शिकवायला ब्रेंडन. त्याने समजावलं ते असं: हँडल बसवलेला वीस किलोचा दगड एकाने बर्फावरून सोडायचा, दुसऱ्याने त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं, म्हणजे तो लांब जातो. ज्याचा दगड पलीकडच्या गोलाच्या मध्याजवळ, तो जिंकला. त्या गोलाला म्हणतात ‘हाऊस’.

म्हणजे इथेही घर, आणि इथेही केर.

जोर हवा असेल तेव्हा मागून ‘हरी! हरी हार्ड!’, म्हणजे ‘घाई कर, जोरात!’ असं ओरडायचं. (मला आधी नामस्मरणच वाटलं.)

“बायका विरुद्ध नवरे!” सारंगचा मित्र विक्रांत म्हणाला. त्याची बायको ज्ञानदा माझ्या बाजूला आली. मी सहसा गप्प असते, पण तेवढ्यात तोंडातून गेलंच, “सारंग, हरेल त्याने वर्षभर केर काढायचा.”

“डन!”

विक्रांतने दगड सोडला आणि कंबरदुखीचा आमचा जुना रुग्ण काटकोनात वाकून, गाल फुगवून असा काही घासत सुटला, की ब्रेंडन ओरडला, “युअर मॅन इज अ नॅचरल!” दगड मध्यापासून हातभर अंतरावर थांबला. मी मात्र कंबरेकडे बघत होते. ठणठणीत होती.

शेवटचा दगड आमचा. ज्ञानदाने तो इतका नेमका सोडला, की वर्षभराची सुटका मला समोर दिसायला लागली.

“रेवा, घास! हरी! हरी हार्ड!”

मी पळाले, घासलं. दगड हाऊसमध्ये शिरला. आणि माझा पाय ब्रशला लागला.

झाडूला पाय लागल्यावर काय करायचं, याचा विचार करावा लागत नाही. मी थांबले, वाकले, ब्रशला हात लावून कपाळाला नेला. मागून दगड आला आणि माझ्या टाचेवर आपटून थांबला. (त्यालाही पाय लागला, म्हणून त्यालाही नमस्कार केला.)

“अगं, आरती पण कर आता!” ज्ञानदा किंचाळली.

“खेळाडूचा पाय लागला, दगड बाद,” ब्रेंडनने इंग्रजीत निकाल दिला. मग काळजीने, “इज शी ऑल राइट?”

“शी इज ग्रँड,” सारंग म्हणाला. “शी वॉज जस्ट सेइंग सॉरी टू द ब्रश.”

आता रोज सकाळी मी केर काढते आणि सारंग सोफ्यावरून, पाय वर घेऊन ओरडतो, “हरी! हरी हार्ड!”

झाडू फेकून मारावासा वाटतो. पण फेकला, की पुन्हा झाडूच्याच पाया पडणं आलं. त्यापेक्षा मी वेग वाढवते.