कलम चार आणि झिंग्या

ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, पण त्याची रीतसर दखल घ्यायला समिती लागते. ब्रह्मपुरीला अशी समिती २००३ सालच्या एप्रिलमध्ये मिळाली. त्याआधीही गावात उन्हाळा होता, कुत्री होती, आणि उन्हाळ्यात कुत्री मरतही होती; पण ते सगळं अनौपचारिक स्वरूपाचं होतं.

समितीचे अध्यक्ष हेमराजभाऊ. त्यांचं कूलरचं दुकान होतं. (दुकानाचा आणि अध्यक्षपदाचा काही एक संबंध नाही, असा ठराव पहिल्याच बैठकीत एकमतानं झाला.) वडसा रोडवरच्या एका बंद राइस मिलच्या गोदामात 'उन्हाळी प्राणी निवारा' उघडला. दोन दांडगे कूलर, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, पाण्याच्या चार टाक्या आणि चाळीस जनावरांची सोय. पंधरा दिवसांनी पहिला अहवाल निघाला. क्षमता चाळीस, दाखल प्राणी शून्य, दगावलेले प्राणी शून्य, प्राण्यांच्या तक्रारी शून्य. एकही जनावर दगावू न देणारा निवारा आसपास दुसरा नव्हता, हे मान्य करावंच लागेल.

या यशाचं श्रेय व्यवस्थापक बापूरावांना. बापूरावांनी तीस वर्षं कोंडवाडा सांभाळला होता. कोंडवाड्यात जनावर आत जाणं सोपं आणि बाहेर येणं कठीण. निवाऱ्याची नियमावली लिहिताना बापूरावांनी ही जुनाट पद्धत पार उलटी केली. कलम चार त्यांनी स्वतः रचलं: 'निवाऱ्यात केवळ बेवारस प्राणी दाखल करून घेण्यात येईल. प्राण्यास जो कोणी घेऊन येईल, तो त्याचा मालक समजण्यात येईल.' मग कूलर नीट चालतो की नाही हे तपासायला ते रोज बारा ते चार कूलरसमोर आडवे होत. त्या पंधरा दिवसांत तपासणीत एकदाही खंड पडला नाही.

अशा या संस्थेशी रुखमाबाईचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तिचा नवरा लटारू पहाटे गावच्या तळ्यात जाळं टाकी. सापडलेले झिंगे आणि एखाददुसरी मरळ टोपल्यात घालून रुखमाबाई पहिल्या जीपनं ब्रह्मपुरीच्या गुजरीत, म्हणजे रोजच्या बाजारात, येई आणि माल संपेपर्यंत बसे. मासळीवाल्या बायांची जागा गुजरीच्या टोकाला, उघड्यावर. सावलीत भाजीवाले. (मासळीचा वास सावलीत जास्त येतो, असं भाजीवाल्यांचं शास्त्रशुद्ध मत होतं.)

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भर दुपारी एक भुरकट कुत्रा तिच्या टोपल्यासमोर येऊन कोसळला. जीभ बाहेर, डोळे मिटलेले.

"बाप्पा! मेला का काय हा?" रुखमाबाई म्हणाली, आणि झिंग्यांवर शिंपडायला आणलेलं तांब्याभर पाणी तिनं त्याच्यावर ओतलं. कुत्र्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं, आणि मूठभर झिंगे खाऊन तो पूर्ण बरा झाला.

त्या दिवसापासून कुत्रा तिच्या टोपल्याला टेकून बसू लागला. गुजरीनं त्याचं नाव झिंग्या ठेवलं. मासळी घ्यायला वाकलेल्या माणसाकडे तो अशा काही नजरेनं पाही, की जणू त्याच्या ताटातलंच कोणी उचलतंय. गिऱ्हाईक दचके. "बाई, यानं चाटली त नाई ना?" असं विचारून शेजारणीकडे जाई. आठवडाभरात अर्धा माल टोपल्यातच राहू लागला. रुखमाबाईनं त्याला हाकललं, ओरडली, दगडही उचलला. दगड उचलला की झिंग्या शेपूट हलवत तो आणायला पळायच्या तयारीत उभा राही.

"तुले त घेऊन जाते आता कूलरमंधी," ती एक दिवस वैतागून म्हणाली. पण खरं सांगायचं तर तिला त्याची कीवही आली होती. पारा सेहेचाळीसच्या पुढं गेला होता आणि डांबरावरून चालताना कुत्रा पाय झटकत होता.

तिनं त्याला दोरीनं बांधून वडसा रोडवर नेलं. बापूराव तपासणीतून उठून फाटकाशी आले.

"हा ठेवून घ्या जी. गुजरीत उनानं मरन."

"कोनाचा हाय?"

"कोनाचाच नाई."

"मंग आनला कोनं?"

"मीनं."

"मंग तुमचाच झाला," बापूराव हळहळून म्हणाले. "कलम चार. बेवारस असता त आनंदानं घेतला असता. जागा त भरपूर हाय."

"पन बेवारस कुत्रा इथी येईन कसा जी?"

"आपल्या पायानं येईन. तशीच आमची अपेक्षा हाय."

रुखमाबाई समजूतदार बाई. तिनं दोरी सोडली, कुत्र्याला फाटकाकडे तोंड करून उभं केलं आणि आपण रस्त्यापलीकडच्या बाभळीमागे लपली. बापूरावांनी फाटक पूर्ण उघडलं. (त्यांच्याकडून सहकार्यात कसूर झाली, असं कोणी म्हणू नये.) आतून वाळ्याचा गार वास आला. झिंग्यानं वास घेतला, विचार केला, रस्ता ओलांडला आणि बाभळीमागे जाऊन रुखमाबाईच्या पायांवर बसला.

"हा त पुरावाच झाला," बापूराव म्हणाले, आणि त्यांनी नोंदवही आणली. प्राण्याचं नाव झिंग्या, मालकीण रुखमाबाई, शिक्का. वर समितीचं पत्रक मोफत दिलं: 'उन्हाळ्यात पाळीव प्राण्यांची काळजी, बारा सूचना'.

गेली होती कुत्रा सोडायला. परतली कुत्र्याची अधिकृत मालकीण होऊन.

संध्याकाळी ती कुत्र्याला घेऊन गावी पोचल्यावर लटारूनं पत्रक वाचून दाखवलं. तो सातवी शिकलेला होता. प्राण्यास बारा ते चार उन्हात नेऊ नये. तापलेल्या डांबरावर चालवू नये. दिवसातून चार वेळा ताजं पाणी द्यावं. चक्कर आल्यास तळपाय व कान ओले करावेत. प्राण्याशी चढ्या आवाजात बोलू नये. प्रत्येक सूचनेला रुखमाबाई "असं का?" म्हणत होती. बारावी सूचना ऐकून ती उठूनच बसली. 'निष्काळजी मालकाचा प्राणी समिती ताब्यात घेईल व निवाऱ्यात ठेवील.'

"मंग होऊन जा ना निष्काळजी," लटारू म्हणाला. "त्याले का लागते?"

दुसऱ्या दिवशी रुखमाबाईनं समितीकडे तक्रार दिली. तक्रारदार: रुखमाबाई. तक्रार कोणाविरुद्ध: रुखमाबाई. साक्षीदार: रुखमाबाई. तिन्ही ठिकाणी तिनं अंगठा दिला. इतकी एकवाक्यता असलेली तक्रार आपण तीस वर्षांत पाहिली नाही, असं बापूरावांनी शेऱ्यात लिहिलं.

तक्रार आली म्हणजे चौकशी आली. बापूराव सायकलवर रुमाल बांधून गावी पोचले, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. झिंग्या तळ्याकाठी करंजाच्या सावलीत, ओल्या चिखलात पोटापर्यंत रुतून झोपला होता. समोर मरळीची चार मुंडकी. दहा पावलांवर चौकशीपायी गुजरी बुडवलेली रुखमाबाई आणि लटारू उन्हात बसून फाटकं जाळं विणत होते, कारण सावलीत जाळं पसरायला जागा नव्हती. तिथं कुत्रा होता.

बापूरावांनी पत्रक काढून एकेक सूचना ताडून पाहिली. सावली, आहे. ओलावा, आहे. आहार, हलका व ताजा.

"पन मी त्याले मारते जी!" रुखमाबाई घाईघाईनं म्हणाली. "लय मारते!"

"मारून दाखवा."

तिनं तूरकाठी उचलली आणि कुत्र्यावर धावली. झिंग्यानं एक डोळा उघडला, उताणा झाला आणि चारही पाय वर करून पोट पुढं केलं. रुखमाबाईचा हात वर तसाच राहिला. मग तिनं काठीच्या टोकानंच त्याचं पोट खाजवलं.

"मेल्या," ती म्हणाली, "आता तरी भुंक ना."

बापूरावांनी लिहिलं: 'मालकीण प्राण्याशी नियमित खेळते. आवाज चढा नाही.'

अशा रीतीनं रुखमाबाईला त्या वर्षीचा 'उत्कृष्ट प्राणीपालक' सन्मान जाहीर झाला. (इतर उमेदवार शून्य. निर्णय तरीही मतदानानं.)

समारंभ येत्या रविवारी सकाळी दहाला, निवाऱ्याच्या अंगणात. मंडपात खुर्च्या पाहुण्यांसाठी. मंचावर हेमराजभाऊ, त्यांच्या दुकानातला नवा कूलर, आणि कूलरसमोर ओल्या गोणपाटावर सत्कारमूर्ती झिंग्या. सन्मान घेणाऱ्यानं नाव पुकारेपर्यंत फाटकाबाहेर उभं राहायचं होतं, म्हणजे येताना टाळ्या जास्त वेळ वाजवता येतात. रुखमाबाई धुतलेलं लुगडं नेसून फाटकाबाहेर उभी राहिली. पाहुणे साडेअकराला आले. हेमराजभाऊ पाऊण तास बोलले. मुक्या जिवांची तहान या विषयावर ते बोलत असताना तीन जणांना रडू आलं आणि एकानं कूलरची चौकशी केली.

सव्वाबाराला नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या. रुखमाबाईनं एक पाऊल टाकलं, फाटकाचा खांब धरला आणि खाली बसली. मग आडवी झाली. डोकं फाटकाच्या आत, पाय बाहेर.

पळापळ झाली. सगळ्यांनी आधी मंचाकडे पाहिलं. कुत्रा ठीक होता. मग कोणीतरी म्हणालं, "बाईले चक्कर आली!" पण बाईला चक्कर आल्यास काय करावं याचं पत्रक समितीकडे नव्हतं. जे होतं ते काढलं. सूचना नऊप्रमाणे तिचे तळपाय ओले केले, कान ओले केले, आणि मिठाचं पाणी जर्मनच्या पसरट भांड्यात तिच्या तोंडाशी धरलं. तिनं डोळे उघडले. पत्रकाची उपयुक्तता सिद्ध झाली.

प्रश्न तिला आत नेण्याचा होता. बापूराव नियमाचे माणूस. ते वाकून म्हणाले, "बाई, तुमाले इथी कोनं आनलं?"

"कोनंच नाई जी. मीच आली."

"आपल्या पायानं?"

"हाव."

"मालक संगं हायेत?"

"ते तळ्यावर हायेत."

बापूरावांचा चेहरा उजळला. महिनाभरात कलम चार पहिल्यांदाच जसंच्या तसं लागू पडत होतं. त्यांनी नोंदवही मागवली. दाखल क्रमांक एक. रंग सावळा. वय अंदाजे चाळीस. खुणा: उजव्या तळहाताला जाळ्याचे घट्टे. चावते का: अद्याप नाही.

तिला वाळ्याच्या ताटीशी, दोन्ही कूलरच्या मधोमध निजवलं. मंचावरून उडी मारून झिंग्या मागोमाग धावला, पण त्याला मालकीण असल्यानं दारातच अडवण्यात आलं. त्यानं उंबऱ्यावर हनुवटी टेकली.

तासाभरानं बापूरावांनी विचारलं, "बरं वाटून राह्यलं का बाई?"

रुखमाबाई छताकडे पाहत होती. गार वारा तोंडावर येत होता. त्या उन्हाळ्यात भर दुपारी ती पहिल्यांदाच पाठ टेकून पडली होती, आणि ते तिला जरा चुकीचंच वाटत होतं.

"बरं हाय जी," ती म्हणाली. "कुत्र्याले तेवढं पानी द्या."

चार वाजता लटारू आला आणि सही करून तिला घेऊन गेला. अहवालात नवे आकडे आले: दाखल एक, बरे होऊन गेलेले एक. यशाचं प्रमाण शंभर टक्के.

सोमवारी ती पुन्हा गुजरीत, उघड्यावर. मात्र समितीनं यावेळी तातडीनं पावलं उचलली. सत्कारमूर्ती कुत्रा उन्हात बसतो हे संस्थेला शोभणारं नव्हतं. हेमराजभाऊंनी दुकानाची जाहिरात छापलेली एक मोठी छत्री पाठवली आणि बापूरावांनी ती झिंग्याच्या बरोबर वर रोवून दिली. सन्मानित कुत्रा बघायला लोक येऊ लागले, आणि आलेच आहेत तर झिंगेही नेऊ लागले. दुपारी सावली सरकली की रुखमाबाई टोपलं घेऊन कुत्र्याला खेटून बसे. कुत्राही थोडा सरके. एवढी सोय त्यांची त्यांनी करून घेतली होती.

एका वर्तमानपत्रानं छत्रीखालच्या झिंग्याचा फोटो छापला. वाचकांची एकतीस पत्रं आली. सत्तावीस जणांनी कुत्र्याची खुशाली विचारली होती. चौघांनी तक्रार केली, की कुत्र्यासाठी दिलेल्या छत्रीखाली कोणा बाईचा खांदा आलेला दिसतो, तरी समितीनं लक्ष घालावं.

आपण त्या चौघांसारखे नाही, याची खात्री आहे. आपण ही हकीकत मन लावून वाचलीत. झिंग्या काय खातो, कुठं लोळतो, त्याला पाणी मिळालं की नाही, हे सारं आपल्याला आता नीट ठाऊक आहे. रविवारी सकाळपासून रुखमाबाईनं काही खाल्लं होतं का, हे सांगायचं मात्र आमच्याकडून राहून गेलं. आपणही विचारलं नाहीत, त्यामुळं फारसं बिघडलं नाही.