अर्ध्या मिलिमीटरची फट

वेटोळेसाहेब अंघोळ करून बाहेर आले, टेबलाकडे पाहिलं आणि टॉवेलसकट मटकन खुर्चीत बसले. तारेची वेटोळी गुंडाळण्यात हयात गेल्यामुळे ऑफिसात त्यांना हेच नाव पडलं होतं. टेबलावर त्यांचा इंडक्टर होता. काळ्या फेराइटचे दोन तुकडे समोरासमोर, भोवती तांब्याची तार, आणि तुकड्यांच्या मध्ये बरोबर अर्ध्या मिलिमीटरची फट. म्हणजे कालपर्यंत होती. आता नव्हती.

"बुजवली!" सासरे हात पुसत म्हणाले. चाळीस वर्षं दारं-खिडक्या केलेला सुतारमाणूस. "जावईबापू, एवढे शिकलात आणि दोन तुकडे धड जुळवता येऊ नयेत? कुण्या अडाण्याने मध्ये पुठ्ठा कोंबला होता. तो काढला, काचकागदाने घासलं, सरस लावून पक्कं केलं. आता केससुद्धा जायचा नाही!"

तो अडाणी खुर्चीत ओला बसला होता. त्या पुठ्ठ्यापायी त्याचे तीन महिने गेले होते.

"बाबा, ती फट मुद्दाम होती हो!"

"फट मुद्दाम कोण ठेवतं?"

"ती नसली की या गाभ्यात चुंबकत्व ठासून भरतं. मग हा हात वर करतो, करंट मोकाट सुटतो आणि अख्ख्या कन्व्हर्टरचा धूर निघतो."

"म्हणजे माल कच्चा," सासऱ्यांनी निकाल दिला.

अकरा वाजता गिऱ्हाईक याच इंडक्टरची चाचणी बघायला येणार होतं. चाचणी जमली तर विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची वेटोळ्यांची, फसली तर रवानगी गोडाऊनमध्ये, असं मोठ्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. ऑफिसच्या कपाटावर भरवसा नाही म्हणून इंडक्टर घरी आणण्याची अक्कल मात्र त्यांची स्वतःची.

"अहो, गरम पाण्यात टाका, सुटेल," बायको म्हणाली.

इंडक्टर पातेल्यात उकळला. पाणी तपकिरी झालं, सांधा ढिम्म. सासऱ्यांची छाती फुगत चालली. शेवटी वेटोळ्यांनी सुरी लावली आणि वरून हातोडी मारली. खट्! फेराइट म्हणजे कपबशीची जात. एका जागी सांध्याच्या वर तुटलं, एका जागी खाली.

"पण सांधा बघा, शाबूत!" सासरे आनंदाने ओरडले.

"बाबा, गप्प बसा हो जरा!" बायको म्हणाली, कारण नवऱ्याने डोकं धरलं होतं आणि त्याला खरंच रडू येत होतं.

सासरे वरमले. "फट किती पाहिजे म्हणालात?"

"अर्धा मिलिमीटर. आता काय उपयोग?"

म्हाताऱ्याने आपणच काढून टाकलेला पुठ्ठा उचलला, पटाशीने मधोमध चिरून त्याचे दोन पातळ पापुद्रे केले, दोन भेगांत एकेक बसवला आणि तिन्ही तुकडे चिकटवून टाकले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा फट ठेवतोय. तीही पोरीच्या संसारासाठी."

अकराला वेटोळ्यांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. धूर नाही. आवाज नाही. गिऱ्हाइकाच्या इंजिनियर बाईंनी तापमान पाहिलं, मीटर झटकला, पुन्हा पाहिलं.

"मागच्या नमुन्यापेक्षा वीस अंश थंड! एका फटीच्या दोन केल्यात?"

वेटोळ्यांच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. एका मोठ्या फटीतून चुंबकत्व बाहेर सांडतं आणि तार तापवतं. दोन बारीक फटींतून कमी सांडतं. तीन महिने हे सुचू नये? स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

"आणि हे चिकटवकाम! असा हात आमच्याकडे एकाचाही नाही," बाई म्हणाल्या. "कुणी केलं?"

मोठे साहेब वळून बघू लागले. 'मी' म्हणायला वेटोळ्यांनी तोंड उघडलं खरं, पण बाईंनी लगेच समोर तीन कोरे तुकडे ठेवले. "एक करून दाखवता?"

गाडी पाठवून सासऱ्यांना आणावं लागलं.

दुपारी वेटोळ्यांनी घरी फोन लावला. "अगं, विभागप्रमुखाची नेमणूक झाली."

"अय्या, खरंच? तुमची?"

"नाही," वेटोळे खालच्या आवाजात म्हणाले. "बाबांची. मी त्यांच्या हाताखाली. आणि आत जाताना दार वाजवायला सांगितलंय."